भांडखोर पेशी

माझा भाऊ केदारनाथ रक्ताच्या कॅन्सरनं गेला असं घाटनांदूरच्या पेठेत सगळे सांगतात. मला ते मान्य नाही. त्याला माझ्या वडिलांनी मारलं, आणि तेही तळहातावरच्या फोडासारखं जपून मारलं. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे आणि चारचौघांतही बोलले आहे. बापाबद्दल असं बोलू नये, हे शिकवायला जे माझ्या दारात आले त्यांना मी चहासुद्धा विचारला नाही.

मी गंगासागर, शंकरप्पांची एकुलती एक मुलगी. अप्पांचं घाटनांदूरला भुसारचं दुकान आहे. तूर, हरभरा, सोयाबीन. पोत्यात हात घातला की माल कसला आहे ते त्यांना कळतं, आणि माणसाचंही तसंच कळतं अशी त्यांची पक्की समजूत. मी अंबाजोगाईला कॉलेजात असताना आष्टीच्या आदिनाथशी माझं जमलं. तो मराठा, त्याच्या घरात मटण शिजणार, आणि आम्ही गळ्यात लिंग बांधणारे लिंगायत. मी घरात फक्त केदारला सांगितलं होतं. तो माझ्याहून लहान, माझ्या हाताखाली वाढलेला, माझ्या पानातलं उचलून खाणारा. त्यानं संध्याकाळपर्यंतही पोटात ठेवलं नाही, दुकानात जाऊन अप्पांच्या कानावर घातलं. अप्पांनी मला माडीवरच्या खोलीत कोंडलं. आईनं कडी काढली म्हणून मी सुटले आणि आदिनाथशी लग्न केलं, नाहीतर आज कुठल्यातरी दुकानदाराच्या घरी डाळी निवडत बसले असते.

खरं म्हणजे आमच्यात सुतक पाळत नाहीत. गेलेला माणूस लिंगात मिळाला असं मानतात, विटाळ धरत नाहीत. पण अप्पांनी माझ्या नावानं अंघोळ केली. मेलेल्याच्या नावानं जी करायची नाही ती जिवंत मुलीच्या नावानं केली. पुढं आई गेली तेव्हा मला कोणी कळवलं नाही. आष्टीच्या बाजारात माहेरकडची एक बाई भेटली आणि तिनं हळहळ करायला तोंड उघडलं, तेव्हा मला कळलं. मी भाजीची पिशवी तिथंच टाकून घरी आले. त्या दिवसापासून घाटनांदूरचं नाव काढलं की माझ्या कपाळाची शीर उठायची.

त्यामुळं इतक्या वर्षांनी तिकडून फोन आला तेव्हा मी तो कापणारच होते. फोन केदारच्या बायकोचा, वर्षाराणीचा होता. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं आधी आपण कोण ते सांगितलं, मग रडली, आणि मग सांगितलं. केदारच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ताप हटेना, अंबाजोगाईला रक्त तपासलं आणि तिथून त्याला पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. औषधांनी रोग दबला होता, पण परत उठणार हे नक्की होतं. त्याच्या हाडातला मगजच बिघडला होता. तो जाळून टाकायचा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मगजातल्या मूळ पेशी त्याला द्यायच्या, एवढाच उपाय होता. सख्ख्या भावाबहिणीच्या जुळल्या तर सगळ्यात बरं, आणि केदारला मी एकटीच बहीण.

मी हो म्हणाले. ते प्रेमानं म्हणाले असं कोणी समजू नये. ज्या घरानं मला मेलेलं धरलं त्या घराला माझ्यावाचून जगता येत नाही हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. आदिनाथ एवढंच म्हणाला की कारण काहीही असो, जा. त्याचं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान आहे, जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देतो. त्याला असल्या कामाचं नवल वाटत नसावं.

तपासणी झाली आणि माझ्या पेशी तंतोतंत जुळल्या. मग अप्पा स्वतः आष्टीला आले. आदिनाथनं खुर्ची बाहेर आणली, ते बसले नाहीत. पाणी आणलं, घेतलं नाही. माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत त्यांनी अटी सांगितल्या. पेशी देईपर्यंत घरात मांस शिजणार नाही. पुण्याला जायच्या आधी घाटनांदूरला यायचं, जंगम स्वामी नव्यानं लिंग बांधतील, आणि मगच दवाखान्यात पाऊल टाकायचं. त्यांच्या मुलाच्या अंगात मटणाचं रक्त जाता कामा नये. हे सगळं मागायला आलेला माणूस होता, आणि बोलत होता नव्या सुनेला घरच्या रीती बजावल्यासारखं.

"अप्पा, तुमी दुकानात हरभरा निवडता तसं माझं रक्त निवडायला लागलात," मी म्हणाले. "पोरगं जगवायचं हाय का सोवळं पाळायचं हाय, ते आधी ठरवा. मला लिंग कुणी बांधायचं न्हाई, अन् माझ्या चुलीवर काय शिजावं हे बी कुणी सांगायचं न्हाई."

ते तसेच गेले. मला नंतर कळलं की स्वामींनी त्यांना आधीच सांगितलं होतं, असल्या कशाची गरज नाही, जीव वाचतोय तर बहिणीचं घ्या आणि तिला मान द्या. त्यातलं फक्त 'घ्या' एवढंच अप्पांनी घेतलं. त्या रविवारी मी मुद्दाम मटण केलं आणि शेजारीपाजारी वाटी पाठवली.

पुण्यात मला रोज इंजेक्शन द्यायचे. त्यानं मूळ पेशी हाडातून सुटून रक्तात येतात. कंबर आणि मांड्या अशा ठणकायच्या की वाटायचं, हाडं आतून कोणीतरी कुदळीनं खणतंय. मग यंत्राशेजारी पलंगावर झोपवलं. एका हातातून रक्त जायचं, यंत्र त्यातल्या हव्या त्या पेशी वेगळ्या करायचं आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत यायचं. दिवस संपता संपता पिशवीत लालसर, पातळसं काहीतरी जमलं. एवढ्याशा पिशवीसाठी अप्पांना माझ्या दाराची पायरी दिसली होती.

केदार काचेच्या खोलीत होता. त्याचा मगज औषधांनी जाळून टाकला होता, डोक्यावर केस नव्हते, ओठ सोलवटलेले. गळ्यातलं लिंगही काढायला लावलं होतं, कारण दोरा, विभूती, फूल, काहीच आत चालत नव्हतं. अप्पा ते लिंग पांढऱ्या फडक्यात गुंडाळून मुठीत धरून बाहेरच्या बाकावर बसलेले असायचे. मला बघितलं की मूठ मांडीखाली घ्यायचे. केदारनं काचेतून मला हात जोडले. मी तोंड फिरवलं. चुगलखोर माणूस आजारी पडला म्हणून त्याची चुगली पुसली जात नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

पिशवी त्याच्या छातीतल्या नळीला लावली तेव्हा मी डॉक्टर मॅडमना विचारलं, खराबी हाडात आहे आणि तुम्ही तर शिरेत सोडताय, या हाडापर्यंत जाणार कशा? मॅडम तरुण होत्या आणि बोलण्यावरून आमच्याच भागातल्या वाटत होत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि नीट सांगितलं. पेशी आधी रक्ताबरोबर सगळीकडे हिंडतात. बऱ्याचशा फुप्फुसात अडकतात, काही यकृतात, काही प्लीहेत, आणि कितीतरी वाटेतच मरतात. पण रिकामा झालेला मगज एक रसायन सोडत असतो, आणि मूळ पेशींना त्याचा माग लागतो. तिथल्या बारीक शिरांपाशी आल्या की त्या भिंतीला चिकटतात, भिंतीतून अंग चोरून आत शिरतात आणि मगजात आपल्यापुरती जागा धरून बसतात. चरून आलेली गाय संध्याकाळी गल्लीबोळातून बरोबर आपल्या गोठ्यात जाते, तसंच काहीसं. फरक इतकाच की हा गोठा त्यांनी कधी पाहिलेला नसतो. जागा मिळाली की नवं रक्त तयार करायला लागतात, आणि त्या रक्तातले पहारेकरी पुढं कातडीत, आतड्यात, यकृतात, सगळीकडे जाऊन राहतात.

मला हे ऐकताना राग आला, खरंच सांगते. मला त्या घराचा उंबरा चढू दिला नव्हता. आईच्या मातीला जाऊ दिलं नव्हतं. आणि माझ्या पेशी मात्र कुणाला न विचारता त्याच घराच्या वारसाच्या हाडाहाडात शिरत होत्या. कुणाची हिंमत असेल तर अडवावं त्यांना, असं मी मनात म्हणाले.

मी आष्टीला परतले. काही आठवडे काहीच घडलं नाही. मग एके दिवशी रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी दिसल्या, दुसऱ्या दिवशी थोड्या वाढल्या. वर्षाराणीनं फोनवर सांगितलं, "ताई, रुजल्या." तिच्या आवाजात पहिल्यांदा हसू होतं. केदारचा रक्तगटही हळूहळू बदलून माझा होणार होता. हे ऐकून अप्पा उठून खाली चहाला गेले म्हणे.

मग त्याच्या तळहातावर पुरळ आलं. तळपायावर आलं, छातीवर पसरलं, डोळे पिवळे झाले. मॅडमनी मला बोलावून घेतलं आणि अप्पांबरोबर बसवलं. माझ्या पेशींना केदारचं अंग परकं वाटतंय, म्हणून त्या त्याच्या कातडीवर आणि यकृतावर चालून जातायत, असं त्यांनी सांगितलं. त्यांना दाबून ठेवणाऱ्या कॅप्सूल आधीपासून चालूच होत्या, आता त्यांच्या जोडीला आणखी औषध दिलं. पण मॅडम पुढंही बोलल्या, आणि ते पुढचंच महत्त्वाचं होतं. ह्या भांडणाचा थोडा उपयोगही असतो. कॅन्सरच्या काही पेशी कुठंतरी लपून राहिलेल्या असतात, औषधाला सापडत नाहीत. त्या शोधून मारायचं काम ह्याच परक्या पेशी करतात. म्हणून पुरळ आटोक्यात आलं की कॅप्सूल हळूहळू कमी करायच्या आणि शेवटी बंद करायच्या.

अप्पांनी अर्धंच ऐकलं. बाहेर बाकावर आल्याबरोबर म्हणाले, "मला ठावंच होतं. हिच्या पेशी हिच्यासारख्याच भांडखोर."

"भांडखोर हायत म्हणूनच रुजल्या," मी म्हणाले. "तुमच्यासारख्या असत्या तर दारातच उभ्या राहिल्या असत्या, पाणी बी न पिता."

पुरळ गेलं, केदार घाटनांदूरला परतला. मी आष्टीला. पण माझी कीर्ती पेठेत पोचली होती. गंगी आत जाऊन भावाशी भांडतेय, हे दुकानादुकानात झालं. अप्पांनी माझ्या पेशी शांत व्हाव्यात म्हणून रुद्राभिषेक केला, त्यात माझं नाव घेतलं. अंघोळीनंतर माझ्या वाट्याला आलेला हा दुसरा विधी. त्या कॅप्सूलला पेठेत नावही पडलं, गंगीची गोळी. वर्षाराणी हे मला फोनवर चोरून सांगायची आणि आम्ही दोघी हसायचो. हसलो त्याची आता मला चीड येते.

कारण त्या कॅप्सूलचा डबा अप्पांनी आपल्या ताब्यात घेतला होता. दुकानातल्या गल्ल्याच्या खणात, किल्ली लावून. सकाळ-संध्याकाळ पूजा झाली की तीर्थाबरोबर ते स्वतःच्या हातानं केदारला द्यायचे. मॅडमनी कमी करायला सांगितलं, वर्षाराणीनं ते अप्पांना सांगितलं, त्यांनी केलंही. केदारच्या दंडावर खाजेचे दोन ठिपके उठले. ते बघितल्याबरोबर अप्पांनी परत पहिल्याइतक्या सुरू केल्या. गंगी उठली, म्हणाले, तिला झोपवलीच पाहिजे. पुढच्या वेळी मॅडमनी आणखी कमी सांगितलं, मग बंद सांगितलं. अप्पा पुण्यात मान हलवून हो म्हणायचे आणि लातूरहून जुनी चिठ्ठी दाखवून भरपूर आणून ठेवायचे. वर्षाराणी एकदा बोलली तर तिला विचारलं, तुला नवरा हवाय का नाही. केदारला हे सगळं माहीत होतं. पण अप्पांच्या हातातलं नको म्हणायची सवय त्याला लहानपणापासून नव्हती. तो गिळत राहिला.

त्याची कातडी नितळ झाली. दुकानात येऊन बसायला लागला, वजनकाट्यावर उभा राहून लोकांना वजन वाढलेलं दाखवायला लागला. अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचा तळहात पुढं करायला लावायचे आणि म्हणायचे, बघा, एक डाग न्हाई. पेठेतल्या लोकांनी त्यांचं कौतुक केलं की शंकरप्पांनी पोरगं मृत्यूच्या दाढेतून काढलं.

तुरी निघायच्या दिवसांत त्याच्या हिरड्यांतून पुन्हा रक्त आलं.

मॅडमनी मला पुण्याला बोलावून घेतलं, कारण पुन्हा माझ्याच पेशी लागणार होत्या. त्यांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो. अप्पा, वर्षाराणी, मी आणि त्या. त्यांच्यासमोर रक्ताचे रिपोर्ट होते आणि त्यांना काहीतरी पटत नव्हतं. त्यांनी विचारलं की कॅप्सूल नक्की कधी बंद केल्या. अप्पांनी उन्हाळ्यातला एक महिना सांगितला. मॅडम म्हणाल्या की मग ते औषध आज याच्या रक्तात इतकं भरलेलं कसं काय आहे. वर्षाराणी पदराचं टोक पिळत होती. शेवटी तिचा बांध फुटला आणि तिनं सगळं सांगितलं, गल्ला, किल्ली, लातूर, सगळं.

अप्पा ताठ बसले होते. त्यांना आपण काही लपवलं याची लाज नव्हती, उलट आता शाबासकी मिळेल असं वाटत असावं. म्हणाले, "मॅडम, हिच्या पेशी लेकराला खायला उठायच्या. मी एकदा बी उठू दिल्या न्हाईत. तळहात बघा त्याचा."

मॅडमनी चष्मा काढला. त्या चिडल्या नाहीत, हळू बोलल्या, आणि ते जास्त वाईट होतं. "बाबा, त्या उठायलाच पाहिजे होत्या. रोग लपून बसला होता, अन् त्याला शोधणाऱ्यांनाच तुम्ही बांधून ठेवलंत."

मग त्यांनी असंही सांगितलं की खात्रीनं काही म्हणता येत नाही, गोळ्या वेळेवर बंद करूनही हा रोग काहींमध्ये उलटतो. डॉक्टरांना असं सांगावं लागतं, ते मला कळतं. पण मी डॉक्टर नाही आणि मला असा 'पण' जोडायचा नाही. बाहेरच्या बाकापाशी मी अप्पांना गाठलं. दवाखान्यात मोठ्यानं बोलू नये हे मला माहीत होतं, तरी बोलले. म्हणाले, माझा द्वेष करायचा होता तर माझा करायचा होता, माझ्या नावानं आणखी दहा अंघोळी करायच्या होत्या. पण मी दिलेलं एकमेव औषध माझ्यावरच्या रागापायी तुम्ही दाबून मारलंत, आणि त्याच्याबरोबर तुमचं पोरगं मारलंत. तो अजून जिवंत होता तेव्हा मी हे म्हणाले. वर्षाराणीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. अप्पा मुठीतलं लिंगाचं फडकं सोडत आणि परत गुंडाळत राहिले.

कॅप्सूल बंद झाल्या. औषधांनी रोग पुन्हा थोडा दाबला आणि माझ्या रक्तातले पहारेकरी काढून केदारला दिले. या वेळी ते त्याच्याशी भांडावेत म्हणूनच दिले. मॅडमनी सांगितलं की पुरळ उठलं तर घाबरू नका, तसं झालं तर पेशी कामाला लागल्या असं धरू. आणि तिथून एक विचित्र वाट बघणं सुरू झालं. अप्पा रोज सकाळी केदारचा हात उलटा करून उजेडात धरायचे. बोटं फाकवून बघायचे, तळपाय बघायचे, कानामागं बघायचे. ज्या डागासाठी त्यांनी अभिषेक घातला होता तोच डाग आता शोधायचे. कातडी नितळच राहायची आणि रक्ताच्या तपासणीत रोग वाढत जायचा.

मी आष्टीला परत गेले नाही. आदिनाथ म्हणाला राहा, मी राहिले. एका सकाळी जिन्यापाशी अप्पांनी मला थांबवलं. जवळजवळ वीस वर्षांत ते माझ्या चेहऱ्याकडे बघून पहिल्यांदा बोलत होते. आवाज बसलेला होता.

"गंगे," ते म्हणाले, "तू आत जाऊन त्याच्याशी भांड."

मला कळलं नाही. मी विचारलं, काय?

"तुझ्या पेशी हायत. तुझं ऐकतील. मी लई शांत केल्या त्यांना, आता माझं ऐकत न्हाईत. तू त्याला शिव्या दे, जुनं सगळं काढ, काय बी कर. त्या उठतील. माझ्यावर राग हाय ना तुझा, तो त्याच्यावर काढ."

मला हसू आलं नाही. या माणसाला अजूनही काही कळलेलं नव्हतं, आणि कधी कळणारही नव्हतं. पण इतक्या वर्षांत माझ्याकडे त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट होती जी माझ्याकडे भरपूर होती. मी तोंडाला मास्क बांधला आणि आत गेले.

केदार उशीला टेकून, डोळे मिटून बसला होता. मी सुरुवात केली. माझ्या विश्वासाचं त्यानं संध्याकाळच्या आत काय केलं ते बोलले. माडीवर मी रडत होते तेव्हा खाली तो जेवत होता, त्याच्या ताटाचा आवाज मला वर येत होता, ते बोलले. आई गेली तेव्हा एक फोन करायला त्याची बोटं झडली होती का, ते विचारलं. आईला माझी आठवण आली असेल तेव्हा त्यानं काय उत्तर दिलं, ते विचारलं. बाप चुकत होता तेव्हा त्याच्या हातातल्या गोळ्या मुकाट गिळल्या, जगायचा विषय असतानाही तोंड उघडलं नाही, त्याबद्दल तर मी त्याला भित्रा म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की राग संपत चाललाय. तळाशी फक्त हा माझ्या पानातलं उचलून खाणारा मुलगा उरला होता, आणि त्याचे ओठ फाटले होते. मी थांबले.

त्यानं डोळे उघडले. अप्पांनी मला कशाला पाठवलं आहे हे त्याला माहीत असावं, कदाचित दोघांचं आधीच बोलणं झालं असावं. तो म्हणाला, "अक्का, थांबू नको. अन् मला माफ करू नको. तू माफ केलंस तर त्या बी गप बसतील."

त्यानंतर मी रोज सकाळी जाऊन त्याच्याशी भांडायचे. नवं काही आठवेनासं झालं तेव्हा जुनंच पुन्हा बोलायचे, लहानपणचं काढायचे, खोटं रचूनही बोलायचे. तो डोळे मिटून ऐकायचा आणि माझ्या आवाजात कुठं मऊपणा आला की कपाळाला आठी घालायचा. शेवटच्या दिवशीही मी त्याच्याशी भांडले. त्याला मी केव्हाच माफ केलं होतं, ते त्याला सांगता आलं नाही.